आठवा पट्टा

"उलटा कर त्याला."

"कुणाला?"

"किड्याला गो. पोट वर कर. पाठ बघून काय कळणार?"

फोन मी कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरला होता. डाव्या हाताच्या चिमटीत तो हिरवा किडा होता, माझ्या मधल्या बोटाएवढा लांब, आणि मान वळवून थेट माझ्याकडे बघत होता. दुसरा कुठला किडा असा मान वळवून माणसाकडे बघत नाही.

"चावेल."

"नाही चावत. पुढच्या पायांच्या मागे मानेसारखा लांब भाग आहे ना, तिथे धर. आवळू नकोस. धरलास?"

"धरला."

"आता पोटावर आडवे पट्टे दिसतील. वरून खाली मोज."

मी मोजले. किडा पाय झाडत होता, त्यामुळे मधेच चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले. "सहा."

"शेवटचा कसा आहे?"

"मोठा. होडीच्या नाळेसारखा, पुढे निमुळता."

"मग मादी आहे. नराला आठ असतात." पलीकडून वाऱ्याचा घोंगावणारा आवाज येत होता, त्यातूनही यांचा आवाज उजळल्याचं मला कळलं. "पंखावर पांढरा ठिपका आहे का बघ."

"दोन्ही बाजूंना एकेक आहे."

"पुढच्या पायांच्या आतल्या अंगाला पिवळट पुटकुळ्या?"

"आहेत."

"हायरोड्युला," हे म्हणाले. एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव घ्यावं तसं म्हणाले. "ठेव तिला परत जास्वंदीवर. अलगद ठेव. पोटाने जड आहे ती."

हे म्हणजे माझे यजमान, जयवंत शिवलकर. मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत ऑइलर होते, यंत्रांचं तेलपाणी बघणारे. ते जहाज तेव्हा आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून पडलं होतं, शिमग्यापासून. मालकाने हात वर केले होते आणि जहाजाचं काय करायचं यावर तिकडच्या कोर्टात काहीतरी चाललं होतं. बंदर त्यांना आत घेत नव्हतं. खलाशांना उतरूही देत नव्हतं, कारण रिकामं जहाज नांगरावर सोडता येत नाही. पासपोर्ट एजंटाकडे अडकलेले. तांदूळ आणि पाणी घेऊन एक बोट येई, कधी वेळेवर येई, कधी नाही. डिझेल पुरवायचं म्हणून जनरेटर दिवसातून थोडाच वेळ चालवत, तेवढ्यात सगळ्यांनी फोन चार्ज करून घ्यायचे. रेंजचीही तीच गत. पाणी फिरलं की जहाज नांगराभोवती वळे आणि त्याचा मागचा भाग किनाऱ्याकडे आला की मागच्या डेकवर फोन लागे. जयगडच्या खाडीवर आमचं घर, पण त्या वर्षी मला आमच्या खाडीपेक्षा तिकडची भरती-ओहोटी जास्त पाठ झाली होती.

किड्यांचं मला लहानपणापासून वावडं. पाल दिसली तरी मी खुर्चीवर चढणारी. यांना मात्र त्यांचं वेड. रत्नागिरीच्या कॉलेजात हे प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होते. दुसऱ्या वर्षाला सासरे गेले, घरात कमावतं कुणी उरलं नाही, तेव्हा एका नातलगाने यांना जहाजावर चढवलं. शिक्षण तिथेच थांबलं, वेड थांबलं नाही. बंदरातून निघालं की दुसऱ्या दिवशी सकाळी हे डेकवरच्या दिव्यांखाली जाऊन बघत, रात्री कुठले किडे उजेडाला येऊन पडलेत ते. लग्नानंतर सुट्टीवर आले की मला दाखवायला काही ना काही आणत आणि मी दाराबाहेरूनच "छान आहे" म्हणे.

जहाज अडकलं तेव्हा सुरुवातीला आम्ही रोज बोलत असू. मग बोलण्यासारखं काही उरेना. "जेवलात?" "जेवलो." "काय म्हणतंय कोर्ट?" "पुढची तारीख." "तब्येत?" "बरी आहे. आई कशी आहे?" "बऱ्या आहेत." आणि मग दोघंही गप्प. तो वाऱ्याचा आवाज ऐकत मी अंगणात उभी. पुढे पुढे तर फोन वाजला की मला बरं वाटण्याआधी भीती वाटे, की आता काय बोलायचं.

आषाढात एकदा उंबऱ्यावर एक किडा येऊन बसला. हिरवा, पोपटी पंखांचा, आणि पंखावर डोळ्यासारखं पिवळं वर्तुळ. मी केरसुणीने झटकणार होते. तसं न करता त्याचा फोटो काढला आणि यांना पाठवला, काही न लिहिता. दुसऱ्या दिवशी फोन आला. "कुठे मिळाला? कुठल्या झाडावर होता? आहे का अजून? अगो, फुलावरचा मँटिस, प्रार्थनाकीटक आहे तो. क्रिओब्रोटर. मी आयुष्यात दोनदाच पाहिलाय." त्या दिवशी हे इतकं बोलले की रेंज तुटली तेव्हाच थांबले.

फोन ठेवून मी तशीच उभी राहिले. कितीतरी दिवसांनी मला यांचा आवाज मिळाला होता.

तेव्हापासून मी शोधू लागले. सकाळची कामं आटपली की हातात काठी आणि फोन घेऊन परसात, आंब्याखाली, दगडी गडग्याच्या कडेने, मग हळूहळू वर कातळाच्या सड्यापर्यंत. आंब्याच्या खोडावर सालीच्याच रंगाचा एक चपटा किडा असतो. समोर असून दिसत नाही, आणि हात नेला की खेकड्यासारखा खोडाच्या पलीकडे पळतो. सड्यावरच्या गवतात एक अगदी काडीसारखा, त्याचे डोळे टोकदार, शिंगांसारखे. प्रत्येकाचा फोटो काढायचा: पाठ, पोट, तोंड, पुढचे पाय. ते शिकवलं यांनीच. "नुसता वरून फोटो काढशील तर मी ओळखणार नाही. पंख न फुटलेलं पिल्लू असेल तर तेही सांग. पिल्लांमध्ये नर-मादी पटकन कळत नाही." मी पाठवायचे, हे ओळखायचे. ओळख पटली की त्याचं नाव दोनदा उच्चारायचे, मग मला उच्चारायला लावायचे. माझी जीभ अडखळली की हसायचे. त्या महिन्यांत हे माझ्याशी जेवढं बोलले तेवढं लग्नानंतर कधी बोलले नव्हते. पुढेही कधी बोलले नाहीत.

माझ्या सासूबाई, आई, ओटीवर बसून हे सगळं बघत. एकदा न राहवून म्हणाल्या, "पोर तिकडे अडकलाय आणि तुम्ही दोघं किडे कसले मोजताव?"

मी म्हटलं, "आई, किड्यांमुळे फोन येतोय."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासाठी म्हणून एक काडी घेऊन आल्या. "ह्यो बघ गो, हात जोडून बसलेला." ती खरंच नुसती काडी होती. मी त्यांना तसं सांगितलं नाही.

जास्वंदीवरच्या त्या मादीवर मात्र यांचा जीव जडला. ती तिथून हलतच नव्हती. पावसाची सर आली की पानाखाली जाई, उघडलं की पुन्हा वर. हे रोज विचारत. काय खाल्लं, रंग तोच आहे का, पोट फुगलंय का. एक दिवस म्हणाले, "आता हिला नर भेटायला हवा. नाहीतर अंडी घालेल ती, पण पोकळ. त्यातून काही निघणार नाही."

"मग कुठून आणू नर?"

"आणायचा नसतो. येतो. ती संध्याकाळी पोट जरा खाली वाकवून लटकते, तिच्या अंगाचा वास वाऱ्यावर जातो. आपल्याला येत नाही तो वास. नराला लांबून येतो. तो बारीक असतो, पंख लांब, उडत येतो. तिला काही करावं लागत नाही. नुसतं थांबायचं."

"नुसतं थांबायचं म्हणजे काही करावं लागत नाही होय?" मी पटकन बोलून गेले.

मग हे म्हणाले, "ओटीवरचा दिवा संध्याकाळी लावून ठेव. नर उजेडाला येतात."

मी रोज दिवा लावून ठेवू लागले. पाखरं आली, ढालकिडे आले, नर काही आला नाही.

गणपतीआधी सुटका होणार असं एजंटाने सांगितलं होतं. मी यांच्यासाठी नवा सदरा आणून ठेवला. आईंनी मखराची आरास यांच्या पसंतीची करायची म्हणून थांबवून ठेवली. मग कळलं, तारीख पुढे गेली. किती पुढे ते कुणाला माहीत नाही. हे फोनवर एवढंच म्हणाले, "तुम्ही करून घ्या गणपती." आणि ठेवला.

त्यानंतर हे बोलेनासे झाले. मी फोटो पाठवायचे, ते पोचायचे, बघितल्याच्या निळ्या खुणा उमटायच्या, उत्तर नाही. मग निळ्या खुणाही येईनाशा झाल्या. जहाजावर तर सगळं पूर्वीसारखंच होतं. फोन लागत होता, वाजत होता, हे उचलत नव्हते.

एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "वहिनी, मी पेडणेकर. देवगडचा. जयवंतबरोबर जहाजावर आहे, स्वयंपाकी."

"काय झालं?"

"झालं काही नाही. पण तुम्हाला सांगावं म्हटलं." तो शब्द शोधत होता. "जयवंत बोलत नाही कुणाशी. जेवायला बोलावलं तर येतो, दोन घास खातो, जातो. दिवसभर मागच्या डेकवर बसलेला असतो, रेलिंगला टेकून. आम्ही आळीपाळीने लक्ष ठेवतो. पण वहिनी, आम्ही तरी किती ठेवणार? आमचीही डोकी ठिकाणावर नाहीत. तुम्ही बोला त्याच्याशी."

"ते फोन उचलत नाहीत."

"मी देतो फोन. थांबा."

मी ऐकत राहिले. पावलं वाजली, लोखंडी जिन्याचा खणखणाट. मग पेडणेकरचा आवाज लांबून: "जयवंत, घरून आहे. घे." बराच वेळ काही नाही. मग पेडणेकर पुन्हा फोनवर आला. "नको म्हणतो. मान हलवतो नुसती."

आईंना मी यातलं काही सांगितलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी पानावरून उठताना मला विचारलं, "जया बरा हाय ना?" आणि मी "हो" म्हटलं, तेव्हा माझ्याकडे बघत राहिल्या.

मी लिहून बघितलं. देवाची शपथ घातली. आई आजारी आहेत असं खोटं लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं. रडका आवाज रेकॉर्ड करून पाठवला. काही नाही. रोज सकाळी पेडणेकरला विचारायचे, "आहेत ना?" तो म्हणायचा, "आहे." तेवढंच.

आणि अशातच एका संध्याकाळी दिव्यावर नर आला.

दिवेलागणीची वेळ. आई ओटीवर वाती वळत बसल्या होत्या. भिंतीवर फडफड झाली आणि काहीतरी लांबट, हिरवट असं चुन्यावर चिकटून बसलं. आईंनीच पाहिलं. "दर्शना, ह्यो तुझ्यातला हाय का?"

मी स्टुलावर चढून त्याला धरलं. हलका होता, जवळजवळ वजनच नव्हतं. पंख पोटाच्या टोकापलीकडे गेलेले. मिशा लांब, जास्वंदीवरच्या मादीपेक्षा कितीतरी लांब. पंखावर तोच पांढरा ठिपका. मला मोजायचीसुद्धा गरज नव्हती. गेले दोन-तीन महिने ज्याची वाट बघत होतो तो हा, हे मला एका नजरेत कळलं होतं. आणि ते ज्यांना ओरडून सांगायचं ते तिकडे रेलिंगला टेकून बसले होते.

आनंदाने लिहावं असं पहिल्यांदा मनात आलं: नर आला, नर आला. मग वाटलं, याही फोटोवर खूण उमटेल किंवा तीही उमटणार नाही, आणि संपेल. चांगल्या बातमीला उत्तर द्यायला माणसाला आधी बरं वाटावं लागतं.

मग माझ्या लक्षात आलं की यांना एक गोष्ट मुळीच सहन होत नसे. चुकीची ओळख. कुणी नाकतोड्याला मँटिस म्हटलं तर हे एस.टी.त अनोळखी माणसालाही थांबवून समजावत. मी एकदा पंख न फुटलेल्या पिल्लाला मादी म्हटलं तर मला ते तीनदा मोजायला लावलं होतं.

"आई, तुम्ही फोटो काढाल?" मी विचारलं. "मला दोन्ही हात लागतील."

"माझा हात थरथरतो गो."

"असू दे. दोन-चार काढा."

मी त्याला उलटा धरला, उजव्या अंगठ्याच्या नखाने एकेक पट्टा मोजत खाली सरकत गेले. आईंनी फोन डोळ्यांजवळ नेत, लांब नेत, तीन फोटो काढले. दोन हलले होते. एक बरा आला होता. तोच मी पाठवला आणि खाली लिहिलं: "दुसरी मादी सापडली. पट्टे सहा."

नराला मी तांब्याच्या घंगाळ्यात ठेवला, वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधला.

दुसरा दिवस गेला. खूण नाही. पेडणेकर म्हणाला, "आहे." तिसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर होते. कमरेला खोचलेला फोन थरथरला. ओले हात पदराला पुसत बघितलं तर यांचा निरोप होता. दोनच शब्द.

"मोज नीट."

मी विहिरीच्या काठावर बसले. कळशी तशीच रहाटाला लोंबकळत राहिली. लगेच लिहावं की थांबावं? मी लिहिलं, "मोजले. सहाच आहेत."

फोन वाजला.

"सहा नाहीत ते." यांचा आवाज घोगरा झाला होता, खूप दिवस न वापरलेल्या दाराच्या बिजागरीसारखा. "मिशा बघ त्याच्या."

"लांब आहेत."

"पंख?"

"पोटाच्या पुढे गेलेत."

"मग?"

हुंदका बाहेर पडू नये म्हणून मी पदर तोंडावर दाबून धरला होता.

"नर आहे तो," हे म्हणाले. "दर्शू. नर आला."

वारा तेवढा ऐकू येत होता, आणि मधेच यांचा श्वास. शेवटी म्हणाले, "आधी मादीला पोटभर खायला घाल. दोन-तीन टोळ दे. नाहीतर ती त्याला खाईल. मग संध्याकाळी त्याला तिच्या मागच्या फांदीवर सोड. समोर नको."

तसंच केलं. आईंनी स्वतः गवतात वाकून टोळ पकडले. संध्याकाळी नराला मागच्या फांदीवर सोडला आणि आम्ही दोघी ओटीवर येऊन बसलो, जास्वंदीकडे न बघता. सकाळी मादी एकटीच होती. मी झाडाखाली गुडघ्यावर बसून शोधलं. पंख पडलेले नव्हते, पाय नव्हते. यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे सुटला." आणि हसले. पेडणेकरने नंतर मला सांगितलं, त्या दिवशी जयवंत दोनदा भात मागून जेवला.

सुटका व्हायला पौष उजाडला. जहाज विकलं गेलं आणि खलाशांना घरी पाठवलं. कुठल्या दिवशी ते शेवटपर्यंत नक्की नव्हतं. मी भाकऱ्या थापत होते आणि मागून "दर्शू" असं ऐकू आलं. वळून बघितलं तर दारात हे. गालफडं बसलेली, दाढी पांढरी झालेली, खांद्यावर एक पिशवी. हातातलं पीठ झाडावं हेही मला सुचलं नाही. आई देवघरातून बाहेर आल्या, यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि मट्कन खाली बसल्या.

वाटलं होतं, आता बोलू. आता मधे वारा नाही, रेंजची कटकट नाही, जनरेटर नाही. इतकं साठलंय. पण हे घरात आले आणि गप्प झाले. जहाजावर झाले होते तसे नाही, त्रासलेले नव्हते, रागावलेले नव्हते. विचारलेल्याचं उत्तर देत. जेवण छान झालंय म्हणत. शेजारी बसत, पण दोघांमध्ये दोन समुद्र असल्यासारखे. मला वाटे, एवढ्या लांबून माझ्याजवळ होते आणि आता एका चटईवर बसून लांब गेलेत. एकदा तर मी अंगणात गेले आणि फोन उघडून यांचे जुने निरोप वाचत बसले. नवरा आत बसलेला असताना बाहेर बसून त्याची वाट बघावी, असं झालं होतं माझं.

आठवड्याभराने एका दुपारी हे "जरा फिरून येतो" म्हणून बाहेर पडले. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. यांचं नाव.

"काय झालं? कुठे आहात?"

"जेटीवर आहे. काही झालं नाही." तोच आवाज. तोच, फोनमधला, भरलेला. "तुझ्याशी बोलायचं होतं."

"मग घरी या ना."

"घरी नाही येत बोलता. तू समोर असलीस की मला काही सुचत नाही. इथून बोलू दे."

"बोला," मी म्हटलं, आणि बोलता बोलता पायात चपला अडकवल्या.

"तो नराचा फोटो पाठवलास ना. दोन दिवस मी उघडला नव्हता. फोनकडे बघतच नव्हतो. त्या दिवशी पहाटे पेडणेकर झोपला होता, कुणी नव्हतं डेकवर. मी रेलिंगवर चढलो होतो. एक पाय पलीकडे टाकला होता."

मी रस्त्यावर थांबले.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"म्हटलं, एकदा शेवटचं बघू तू काय पाठवलंयस. तसाच, एक पाय पलीकडे ठेवून फोन उघडला. तर नर. स्पष्ट नर. आणि खाली तू लिहिलंस, मादी, सहा. मला इतका राग आला तुझा. एवढं शिकवलं आणि हिला एवढंही कळत नाही? मग फोटो मोठा करून बघितला." हे थांबले. "तुझ्या अंगठ्याचं नख त्यात आलंय. आठव्या पट्ट्यावर आहे ते नख. तू आठपर्यंत मोजलं होतंस."

मी चालत होते.

"म्हटलं, हिला येतंय मोजायला. बरोबर मोजलंय, आणि तरी मुद्दाम चूक लिहिलंय. मग तसाच बसून राहिलो, तुला उत्तर काय लिहावं याचा विचार करत. आणि विचार करता करता कधीतरी पाय परत आत घेतला. केव्हा घेतला ते मला आठवत नाही, दर्शू. खरंच आठवत नाही."

उतार संपला आणि जेटी दिसली. पलीकडे जाणारी लाँच नुकतीच सुटली होती, माणसं कुणी नव्हती. हे कडेच्या दगडी खुंटावर बसले होते, माझ्याकडे पाठ, फोन कानाशी. पाण्याकडे बघत होते. मी यांच्या मागे जाऊन उभी राहिले, हात लांब केला तर खांद्याला लागेल एवढ्यावर.

"तू गप्प का?" हे फोनमध्ये म्हणाले. "बोल ना काहीतरी."

"काय बोलू?" मी म्हटलं.

माझा आवाज यांना दोन्हीकडून ऐकू गेला. पाठ ताठ झालेली मला दिसली. पण हे वळले नाहीत.

"थांब," हळूच म्हणाले. "ठेवू नकोस फोन. असंच बोल अजून जरा."

मग मी फोन कानाशी धरून बोलत राहिले. विहिरीचं पाणी खाली गेलंय म्हटलं. आईंचा गुडघा दुखतोय म्हटलं. गणपतीत तुमचा सदरा कपाटातून काढून मी रोज घडी मोडून पुन्हा घालत होते म्हटलं. रात्री उशाशी फोन ठेवून झोपायचे आणि न वाजताच मला वाजल्यासारखा वाटायचा, तेही सांगितलं. जे आजवर कधी समोरासमोर सांगितलं नव्हतं ते सगळं, यांच्या पाठीकडे बघत. हे मधेमधे फोनमध्ये "हं" म्हणत होते. खाडीत पाणी चढत होतं.

कितीतरी वेळाने, फोन कानावरून न काढता, यांनी दुसरा हात तेवढा मागे केला. मी तो धरला, आणि बोलत राहिले.